आधी फाइल बघा, मग प्रोसेसर

फोटो-व्हिडिओ एडिटिंगसाठी डेस्कटॉप असेंबल करून घ्यायला दुकानात गेलात, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बजेट किती?’ आकडा सांगितला की पाच मिनिटांत कोटेशन हातात. त्यात वरच एक तगडं ग्राफिक कार्ड, रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट, आणि सगळ्यात खाली, कुणाचं फारसं लक्ष जाऊ नये अशा जागी, ५०० जीबीची एसएसडी आणि कधी न ऐकलेल्या नावाचं एसएमपीएस. गेम खेळणाऱ्या पोराला हे एकवेळ चालून जाईल. हळदीपासून रिसेप्शनपर्यंतचं शूटिंग कापायला बसणारा मात्र पहिल्याच आठवड्यात वैतागतो. बजेटच्या आधी त्याला विचारायला हवं होतं, तुमचा कॅमेरा कसली फाइल देतो?

फोटोंचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ ते ५० एमबीची. लग्नात अशा तीन-चार हजार फाइली झाल्या, तरी तुम्ही एका वेळी एकाच फोटोवर काम करता. फोटोशॉपचं बरंचसं काम प्रोसेसरच्या मोजक्याच कोअरवर चालतं, त्यामुळे सोळा कोअर घेतले म्हणून मास्किंग दुप्पट वेगानं होत नाही. जास्तीचे कोअर कामाला येतात ते लाइटरूममध्ये प्रिव्ह्यू बनवताना आणि हजार फोटो एकदम एक्सपोर्ट करताना, म्हणजे एरवीही तुम्ही जेवायला उठलेला असता तेव्हा. सहा-आठ कोअरचा चालू पिढीतला प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि एक चांगली एसएसडी एवढ्यावर फोटोचा स्टुडिओ आरामात चालतो.

ग्राफिक कार्डाशिवायही पूर्वी फोटोवाल्यांचं भागत असे. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डिनॉइज आलं आणि हे गणित बदललं. मांडवातल्या अंधारात आयएसओ ६४०० वर काढलेला फोटो त्यातून आश्चर्य वाटावं इतका साफ निघतो, पण त्याचा सगळा भार ग्राफिक कार्डावर पडतो. जुन्या कार्डावर जिथं फोटोमागे मिनिट-मिनिट जातं, तिथं चालू पिढीचं आठ जीबीचं कार्ड काही सेकंदांत मोकळं होतं. दर लग्नाला दोनशे फोटो डिनॉइज करणाऱ्यानं असं कार्ड घ्यावं, त्याहून मोठं नको. वाचलेले पैसे मॉनिटरकडे वळवावेत. मॉनिटरचं पुढे बोलूच.

व्हिडिओचं प्रकरण वेगळं आहे आणि खरी फसगत तिथंच होते.

कॅमेरा व्हिडिओ साठवताना तो दाबून साठवतो, आणि टाइमलाइनवर चालवताना कॉम्प्युटरला तो दर क्षणी उलगडावा लागतो. हे उलगडण्याचं काम प्रोसेसरच्या कोअरवर सोपवलं तर तो घामाघूम होतो. म्हणून इंटेल, एएमडी, एनव्हिडिया तिघंही चिपमध्ये त्यासाठी वेगळा छोटा भाग ठेवतात. गोम अशी, की हा भाग प्रत्येक प्रकारची फाइल ओळखत नाही. जुनी ८ बिट, ४:२:० ची एच.२६४ फाइल सगळेच ओळखतात. पण गेल्या काही वर्षांतले सोनी, कॅनन, पॅनासॉनिकचे मिररलेस कॅमेरे १० बिट, ४:२:२ मध्ये रेकॉर्ड करतात. त्यात रंगाची माहिती जास्त असते, लॉगमध्ये शूट करून ग्रेडिंग करणाऱ्यांना ती हवीच असते, आणि नेमकी तीच फाइल बऱ्याच मशिन्सना उलगडता येत नाही. मग टाइमलाइन अडखळते, आवाज पुढे आणि चित्र मागे, आणि लाखाच्या घरातलं कार्ड शांतपणे बसून असतं.

कोणाला काय जमतं ते नीट समजून घ्या, कारण अर्धी खरेदी यावरच ठरते. एच.२६५ मधली १० बिट ४:२:२ फाइल इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना जमते, पण फक्त त्यांच्यातल्या अंगच्या ग्राफिक चिपमुळे. मॉडेल नंबरच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ती चिप बंद केलेली असते. हजार-दोन हजार वाचतात म्हणून दुकानदार ‘एफ’वाला प्रोसेसर सुचवतो, ‘कार्ड लावतोच आहोत, हिची गरज काय’ असं म्हणतो, आणि गेमिंगच्या हिशेबानं त्याचं बरोबरही असतं. एडिटिंगसाठी मात्र तो प्रोसेसर घेऊ नका. एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ जमू लागलं ते २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. म्हणजे आरटीएक्स ४०९० सारखं डोळे दिपवणारं कार्डही या एका कामात हात वर करतं आणि ५० मालिकेतलं साधं कार्ड ते करून दाखवतं. एएमडीच्या रायझन डेस्कटॉप प्रोसेसरांतली चिप किंवा रेडिऑन कार्ड, दोघांनाही ४:२:२ येत नाही. हौशीनं रायझन घेतलाच असेल तर ५० मालिकेचं कार्ड त्याच्या जोडीला लावा. जुनं मशीन मोडायचं नसेल आणि मदरबोर्डवर मोकळा स्लॉट असेल, तर इंटेलचं आर्क ए३८० हे छोटं कार्ड दुसरं म्हणून लावून फक्त उलगडण्यापुरतं वापरता येतं. अनेकजण तसं करतात.

एच.२६४ मधली १० बिट ४:२:२ फाइल त्याहून हट्टी. इंटेलच्या चौदाव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांतली चिपही ती उलगडत नाही. एनव्हिडियाची ५० मालिका उलगडते. सोनीवाल्यांनी कॅमेऱ्याच्या मेनूत एकदा डोकावून बघावं. एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. कधीकधी नवीन कार्डाऐवजी मेनूतली ही एक ओळ बदलली तरी काम भागतं.

आपली फाइल कसली, हे ओळखायला मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कॅमेऱ्यातून आलेली मूळ क्लिप त्यात टाका आणि तीन गोष्टी लिहून घ्या: फॉरमॅट एव्हीसी आहे की एचईव्हीसी (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:० की ४:२:२, आणि बिट डेप्थ ८ की १०. जमल्यास तीच क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. तिथल्या मशीनवर प्रीमियर किंवा डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये ती चालवा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा. त्यात जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ असा आलेख दिसतो. क्लिप चालू असताना तो वर चढला तर चिप काम करते आहे. तो तळाशी झोपलेला आणि सीपीयू नव्वद टक्क्यांवर, असं दिसलं तर हे मशीन तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही, मग कोटेशनवर काहीही लिहिलेलं असो. दहा मिनिटांची ही परीक्षा यूट्यूबवरच्या कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा खरी.

हे सगळं टाळण्याचा एक जुना मार्ग आहे, प्रॉक्सी. मूळ फाइलची १०८० पी मधली हलकी नक्कल करून तिच्यावर एडिट करायचं आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडायची. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोघांत ही सोय आहे. रात्री प्रॉक्सी बनवायला लावून झोपलात की सकाळी पाच वर्षांपूर्वीचं मशीनही तुरुतुरु चालतं. लग्नाचा सिनेमॅटिक व्हिडिओ द्यायला महिना हातात असेल तर प्रॉक्सीसारखं स्वस्त औषध नाही. ‘सेम डे एडिट’ करणाऱ्याला ती चैन नसते. संध्याकाळच्या रिसेप्शनला सकाळच्या विधींची फिल्म दाखवायची असते. त्यानं मात्र हार्डवेअरवरच खर्च करावा.

आता प्रोसेसर निवडणं सोपं झालं. ज्यांच्या फाइली एच.२६५ मधल्या ४:२:२ च्या, त्यांच्यासाठी इंटेलचा अंगच्या चिपसह असलेला प्रोसेसर ही सरळ वाट. कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये वीस कोअर आहेत आणि स्टुडिओच्या कामाला तो पुरून उरतो. रायझन ९ ९९००एक्स बारा कोअरचा, तोही उत्तम, आणि एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देण्याचं एएमडीनं सांगितलेलं असल्यानं पुढे बोर्ड न बदलता अपग्रेड करता येईल. नावात ‘एक्स३डी’ असलेले रायझन गेमिंगसाठी. एडिटिंगमध्ये त्या जादा पैशांचा मोबदला जवळजवळ मिळत नाही. वापरलेला प्रोसेसर घ्यायचा असेल तर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या मोठ्या मॉडेलांबाबत जपून. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही हळूहळू खराब होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलनं त्यावर मायक्रोकोडचा उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. उपाय पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. आधीच्या मालकानं बायोस कधी अपडेट केलं होतं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ते सेकंडहँड न घेतलेले बरे.

ग्राफिक कार्डात बघायची ती त्याच्यावरची मेमरी. रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन आणि दोन-तीन इफेक्ट चढवले की आठ जीबीचं कार्ड भरतं आणि ‘जीपीयू मेमरी भरली’ असा संदेश येऊन काम थांबतं. तिथं वेगवान आठ जीबीपेक्षा थोडं मंद सोळा जीबी कामाचं. आरटीएक्स ५०६० टीआय आठ आणि सोळा अशा दोन रूपांत मिळतं आणि कोटेशनवर पुष्कळदा नुसतं ‘५०६० टीआय’ एवढंच लिहितात. पुढे किती जीबी ते लिहून घ्या. प्रीमियरला कार्ड त्यामानानं कमी लागतं, रिझॉल्व्ह बहुतेक सगळं कार्डावरच करतं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट देते, टेम्पोरल नॉइज रिडक्शन मात्र स्टुडिओ आवृत्तीतच आहे, आणि ती एकदाच पैसे भरून मिळते. कार्डाचं एक पाऊल कमी करून ती घेतली तर माझ्या मते सौदा फायद्याचा.

रॅम ३२ जीबीपासून सुरू करा, ४के करणाऱ्यांनी ६४. भाव मात्र विचारून जा: एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५ च्या अखेरीला रॅम झपाट्यानं महागली, त्यामुळे जुन्या यादीतले आकडे धरून चालू नका. रॅम दोन कांड्यांतच घ्या. डीडीआर५ च्या चार कांड्या लावल्या की बहुतेक बोर्ड वेग खाली आणतात. आज ३२ हवी आणि उद्या ६४ करायची तर ‘दोन सोळाच्या घेतो, पुढे अजून दोन टाकू’ हा हिशेब म्हणूनच तितकासा बरोबर नाही. परवडत असेल तर एकदाच दोन बत्तीसच्या घ्या.

साठवणुकीवर लोक सगळ्यात कमी खर्च करतात आणि रडतात सगळ्यात जास्त. हिशेब साधा आहे. कॅमेरा १०० मेगाबिटनं रेकॉर्ड करत असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास चालू: ५४० जीबी. ५० फ्रेम आणि २०० मेगाबिट केलं की त्याच्या दुप्पट. एका लग्नाला अर्धा ते एक टीबी, आणि सीझनमध्ये चार लग्नं एकदम हातात. ५०० जीबीच्या एसएसडीवर हे काम कसं व्हायचं? विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी १ टीबीची एनव्हीएमई, चालू कामासाठी वेगळी २ टीबीची, आणि संपलेल्या कामासाठी मोठ्या हार्ड डिस्क, अशी वाटणी ठेवा. पाचव्या पिढीच्या एसएसडीचे मोठमोठे आकडे बघून भुलू नका. चौथ्या पिढीची सेकंदाला सात हजार एमबीच्या आसपास वाचते आणि टाइमलाइनला त्याचा लहानसा भागही लागत नाही. स्वस्तातली एसएसडी कुठं मार खाते ते मात्र बघा. क्यूएलसी चिपवरच्या एसएसडीत सुरुवातीचा काही भाग जलद लिहिला जातो, तो भरला की वेग कोसळतो, कधीकधी साध्या हार्ड डिस्कच्याही खाली. ३०० जीबी कॉपी करायला लावा, शंभरेक जीबीनंतर पट्टी रांगायला लागते. टीएलसीची घ्या, थोडी महाग पडेल. हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची आहे का, ते विचारा. एसएमआर डिस्क मोठ्या कॉपीत अशीच दमते. २०२० मध्ये बड्या कंपन्या काही मॉडेलांत न सांगताच एसएमआर देत असल्याचं उघड झालं, तेव्हापासून त्यांच्या माहितीपत्रकात हा उल्लेख शोधता येतो.

बॅकअपशिवाय हे सगळं फोल. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजून तोच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. स्टुडिओ एका गल्लीत आणि घर दुसऱ्या गल्लीत असेल तर घराबाहेरची प्रत फुकटात होते. क्लायंटनं डिलिव्हरी घेतल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, हेही त्यातच आलं. कार्ड रीडरचंही पाहा. यूएचएस-१ चा वेग सेकंदाला १०४ एमबीच्या वर जात नाही, त्यामुळे १२८ जीबीचं कार्ड रिकामं व्हायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. यूएचएस-२ कार्ड आणि तसाच रीडर असला की ते निम्म्याहून कमी वेळात आटपतं.

मॉनिटरवर अडखळतात ते बहुधा ‘१४४ हर्ट्झ’ वाचून. एडिटिंगला त्याचा उपयोग नाही. आयपीएस पॅनेल, एसआरजीबी पूर्ण, २७ इंच आणि किमान २५६० बाय १४४० एवढं बघा. ॲडोबी आरजीबी दाखवणारा महाग मॉनिटर घेण्याआधी तुमच्या अल्बमच्या लॅबला विचारा. बहुतेक लॅब एसआरजीबीतलीच जेपेग मागतात. कॅलिब्रेटर घेऊन ब्राइटनेस १०० ते १२० निट्सवर आणला की ‘स्क्रीनवर उजळ होता, अल्बममध्ये काळवंडला’ ही तक्रार बरीचशी मिटते. नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस पेटीतून काढल्या काढल्या भगभगीत असतो, आणि त्यावर बेतलेला फोटो छापल्यावर अंधारातच जाणार. दोन-तीन स्टुडिओंनी मिळून एक कॅलिब्रेटर घेतला तरी चालतो, महिन्यातून एकदाच तर लागतो.

एसएमपीएस आणि वीज. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का एसएमपीएस किती वीज वाया घालवतं ते सांगतो, ते किती टिकेल ते नाही. म्हणून नावाजलेल्या कंपनीचं, पाच-सात वर्षांच्या वॉरंटीचं ७५० वॅटचं घ्या. दुकानदार सोबत ६०० व्हीएचा यूपीएस देतो, त्यावर प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच चालतं. २६५के जोरात चालला की एकटा अडीचशे वॅटपर्यंत खेचतो, ५०६० टीआय १८०. एक्सपोर्ट रंगात आलेला असताना लाइट गेली तर तो यूपीएस बीप करायच्या आधीच मान टाकेल. निदान एक केव्हीएचा, शक्यतो साइन वेव्हचा घ्या. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याला नको, इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग नाही.

कूलिंगचे परदेशी रिव्ह्यू वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेले असतात. कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीच्या वर किती अंश, एवढंच त्याच्या हातात. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांची झाली, की रिव्ह्यूत ७५ दाखवणारा प्रोसेसर तिथं ९५ ला पोचतो आणि स्वतःच वेग कमी करतो. तिकडच्यांनी समोर जाळी असलेलं कॅबिनेट आणि एक पायरी मोठा एअर कूलर घ्यावा. काचेच्या बंद पेटीत दिवे छान दिसतात, हवा खेळत नाही. कोकणात उष्म्यापेक्षा खारा दमट वारा त्रास देतो, तिथं मशीन खिडकीपासून दूर आणि रोज थोडा वेळ तरी चालू राहिलेलं बरं.

खरेदी लॅमिंग्टन रोडवरून करा, पुण्यात करा किंवा ऑनलाइन. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर असलेलं जीएसटी बिल घ्या. प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, बऱ्याच एसएसडींना पाच वर्षं वॉरंटी असते आणि बिनबिलाच्या मालात ती हवेत जाते. मस्कतचा मामेभाऊ कार्ड आणतो म्हणाला, तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारा. सेकंडहँड कार्डांपैकी आरटीएक्स ३० मालिकेतली बरीच २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियमच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली आहेत, आणि ४:२:२ त्यांना तसंही येत नाही.

मशीन घरी आलं की पहिल्या तासात चार गोष्टी करा. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का बघा, नाहीतर महागडी रॅम मंद वेगानंच चालत राहते. तिथंच ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू करा. वेगळं कार्ड लावलं की पुष्कळ बोर्ड प्रोसेसरमधली चिप आपणहून बंद करतात, आणि ज्या चिपसाठी ‘एफ’ टाळला तीच निकामी पडते. मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंगची खूण आहे ना ते तपासा. शेवटी ती पेनड्राइव्हवरची क्लिप पुन्हा लावा, अर्धा तास सलग चालू द्या, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिकोडचा आलेख वर आहे का ते बघा. खोकी महिनाभर टाकू नका, बदलून घ्यायची वेळ आली तर दुकानदार तीच मागतो.